पोटाला हात लावू नये

आमच्या बाईंना साबुदाण्याची खिचडी बिघडलेली आवडायची. साबुदाणा नीट भिजला, दाणा न् दाणा मोकळा झाला, की त्या डबा माझ्याकडे सरकवायच्या. "घे तू. मला नको असली सुटी सुटी माणसं." आणि माझ्या डब्यात कधी खिचडीचा लगदा असला (माझ्या सासूबाईंना काही केल्या साबुदाणा भिजवायला जमायचं नाही), तर तो गोळा चमच्यावर उचलून खिडकीच्या उजेडात धरायच्या. "वा! काय धरून बसलेत एकमेकांना! सासूबाईंना माझा नमस्कार सांग." मी बावळटासारखी सांगून आले. सासूबाई चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

बाई म्हणजे पॅथॉलॉजिस्ट. नौपाड्यात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर त्यांची लॅब होती आणि मी तिथे टेक्निशियन. ऐंशीचं दशक संपता संपता लागले, ते नव्वदचं बरंचसं तिथेच गेलं. डोंबिवलीहून यायचे, रक्त काढायचं, लघवी तपासायची, स्लाइड्स रंगवायच्या ही माझी कामं. मायक्रोस्कोपला डोळा लावून निदान करायचं ते बाईंचं. पन्नाशीच्या पुढच्या, लग्न न केलेल्या, आणि सुती साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. कोणी त्या बुटांकडे बघून हसलं तर म्हणायच्या, "चपलेनं पाय घसरतो. तुम्हाला घसरायचं तर घसरा, मला वेळ नाही."

मायक्रोस्कोपशी त्या मोठ्यांदा बोलायच्या. "अरे, तू इकडे कुठे? तुझं घर कुठे, तू आलास कुठे?" बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटांना वाटायचं, आत कोणाची तरी हजेरी घेतली जातेय. एका म्हातारबाबांनी मला हळूच विचारलं होतं, "आत कोण आहे हो?" मी म्हटलं, "पेशी." मग बाबा रक्त द्यायला हात काही पुढे करेनात.

दर शनिवारी दुपारी बाई परळच्या एका मोठ्या इस्पितळाच्या ग्रंथालयात जायच्या आणि पिशवीभर झेरॉक्स घेऊन यायच्या. सोमवारी चहाबरोबर ते माझ्या डोक्यावर ओतलं जायचं. निम्मं माझ्या डोक्यावरून जायचं, पण एक गोष्ट त्यांनी इतक्यांदा सांगितली की मला झोपेतही म्हणता आली असती. "गाठ वाढली म्हणून माणूस क्वचित मरतो गं. गाठीतल्या पेशी उठून भलतीकडे जाऊन बसतात, त्यानं मरतो. सगळे विचारतात, वाढली का? मी विचारते, हात का सोडला?"

हात म्हणजे काय, तर पेशींच्या अंगावर रेणू असतात, एकमेकींना चिकटून राहायला मदत करणारे. त्यातले काही कमी झाले की पेशी शेजारणीला सोडून चालू लागते. पण गंमत म्हणजे, चिकटणारे रेणू नुसते घरीच धरून ठेवतात असं नाही. दुसऱ्या प्रकारचे काही रेणू परक्या ठिकाणी पाय रोवायलाही मदत करतात. म्हणजे चिकटणं चांगलं की वाईट? बाई म्हणायच्या, "कोण, कुठे, कुणाला चिकटलंय ते बघायचं. सरसकट बोलायचं नाही."

त्यांचा सगळा जीव लहान मुलांच्या गाठींत. मी एकदा विचारलं, "मुलांचंच का हो?" तर म्हणाल्या, "अगं, मुलांनी काय केलंय? विड्या ओढल्या? तंबाखू खाल्ली? आईच्या पोटात असताना कितीतरी पेशींना प्रवास करावाच लागतो. शेजारणीचा हात सोडायचा, चालत जायचं, पोचलं की नव्या शेजारणीचा हात धरायचा. तेव्हाच तर मूल घडतं. यातल्या काही पेशी मूल जन्मलं तरी मोठ्याच होत नाहीत. पोटातल्याच वयात राहतात." मग चहाचा कप तसाच ठेवून त्या आत गेल्या. चहा निवला आणि मला पुन्हा करावा लागला.

बाईंना चारचौघांत न्यायची सोय नव्हती. खालच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या बायकोने एकदा आम्हां दोघींना हळदीकुंकवाला बोलावलं. ताटलीत बुंदीचा लाडू. बाईंनी त्याला जरा बोट लावलं तर लाडू भसकन सुटला. झालं! "बघा, पाक कच्चा राहिला," बाई सगळ्या बायकांना म्हणाल्या. यजमानीणबाईंचा चेहरा पडला. पण बाईंना त्याचं काय! त्यांनी ताटली कलती केली. एक बुंदी घरंगळत सोफ्याखाली गेली. "ही गेली यकृतात." दुसरी सतरंजीवर. "ही फुप्फुसात." एका बाईने हातातला लाडू परत ताटलीत ठेवला. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. परत येताना बाई वर मलाच म्हणतात, "किती लक्ष देऊन ऐकत होत्या नाही सगळ्या?"

आणि त्यांचं ते 'माहीत नाही'! कोणीही काहीही विचारलं आणि उत्तर ठाऊक नसलं, की तोंडावर ठण्णकन सांगायच्या, "माहीत नाही." खालचे डॉक्टर वैतागायचे. "अहो बाई, पेशंटसमोर असं बोलू नका, लोक माझ्याकडे येणार नाहीत." बाई शांतपणे विचारायच्या, "मग तुम्ही सांगा. तुम्हाला माहीत आहे?" डॉक्टर जिना उतरून निघून जायचे.

तर अशा या बाईंच्या लॅबमध्ये एके दिवशी जागृती आली. चार वर्षांची असेल. कोपरीच्या पुढे खाडीकाठी कोळीवाड्यात घर. आई मासळी विकायची, बाप होडीवर. पोट मोठं दिसतं म्हणून खालच्या डॉक्टरांनी जंताची शंका घेऊन तपासण्या लिहून दिल्या होत्या. मी लघवी तपासली तर त्यात रक्त. मी बाईंना हाक मारणार, तेवढ्यात आईने पोरीला टेबलावर उभं करून फ्रॉक वर केला.

"हे बघा ना ताई, हितं दाबा. कसं घट लागतंय."

कोणीही पुढे करेल तसा मी हात पुढे केला.

"हात मागे!"

बाई दारात उभ्या होत्या. इतक्या मोठ्यांदा ओरडल्या की जागृतीने भोकाड पसरलं आणि माझ्या हातातून बाटली सुटता सुटता राहिली. बाईंनी पुढे येऊन पोरीचा फ्रॉक खाली ओढला आणि आईला विचारलं, "आतापर्यंत कुणाकुणी दाबलं?"

आई गोंधळली. डॉक्टरांनी, कंपाउंडरने, नणंदेने, बालवाडीच्या बाईंनी, शेजारच्या दोघीतिघींनी. "आणि सासूबाई तं रोज सकाली चोलतात. तेल लावून."

"रोज? कशासाठी?"

"बेंबी सरकली म्हनून. सासूबाईंच्या हाताला गुन हाय. अख्ख्या कोलीवाड्यातली पोरं त्यांच्याकडं आनतात पोट चोलायला."

बाई स्टुलावर बसल्या. मग मला बाजूला घेऊन सांगितलं. मूत्रपिंडात लहान मुलांना अशी गाठ होते. ती मऊ असते आणि वर पातळ आवरण. दाबदाबी केली तर आवरण फाटू शकतं, आणि फाटलं की आतल्या पेशी पोटभर. "आत्ता ती एका पिशवीत आहे असं धरू. ऑपरेशन होईपर्यंत ती पिशवीतच राहिली पाहिजे. दुसरं काही मला नको."

सोनोग्राफीत गाठ निघालीच. परळला चिठ्ठी दिली, पण खाट मिळायला आठवडा तरी लागणार होता. आता हा आठवडा काढायचा कसा? बाईंनी पोरीच्या पोटावर रुंद पट्टी चिकटवली आणि मार्करने ठळक अक्षरांत लिहिलं, 'पोटाला हात लावू नये.' मी मनात म्हटलं, वा, काम झालं. कसलं काम! दुसऱ्या दिवशी आई सांगत आली की पट्टी वाचायला निम्मा कोळीवाडा लोटला. ज्याला वाचता येत होतं त्याने मोठ्यांदा वाचलं, आणि मग खाली असं आहे तरी काय म्हणून प्रत्येकाने हात लावून बघितला. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

"आणि सासूबाई?"

"त्या म्हनतात, मी एवढ्या पोरांची पोटं बरी केली, ही चष्मेवाली कोन मना शिकवनार?"

"बरोबर आहे त्यांचं," बाई म्हणाल्या. "मी त्यांना काहीच शिकवलेलं नाही. उद्या घेऊन या त्यांना."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅबचं दार उघडलं तर नाकात भस्सकन मासळीचा वास. बाई, ज्यांच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात येत नसे, त्या स्टीलच्या ट्रेसमोर नाकाला अत्तराचा रुमाल लावून बसल्या होत्या. ट्रेमध्ये गाबोळी. माशाच्या पोटातली अंड्यांची पिवळी पिशवी, अख्खी.

"अहो, हे कुठून आणलंत?"

"बाजारातून. कुठून म्हणजे काय? मीच जाऊन आणली. आता बोलू नकोस, तोंड उघडलं की वास येतो."

जागृतीची आजी आली ती तणतणतच. काळीसावळी, ठसठशीत, काष्टा घातलेली, हात कामाने रुंद झालेले. ट्रे बघून तिचा राग जागच्या जागी थांबला आणि ती हसायला लागली. "बाय, फसवलं तुला बाजारान. ताजी नाय गो ही."

"कशावरून?"

"आता दानं सुटतीन बग." आजीने अंगठ्याने जरासं दाबलं. पातळ पिशवी फाटली आणि दाणे ट्रेभर पसरले. काही टेबलावर उडाले.

बाईंनी रुमाल खाली घेतला. "आजी, नातीच्या पोटात हेच आहे. ते दाणे एकमेकांना घट्ट धरणारे आहेत की असे सुटणारे, हे मला बाहेरून कळत नाही. म्हणून पिशवी फाटू द्यायची नाही. फाटली तर हे दाणे परत गोळा करता येतील का तुम्हाला?"

 आजीने हात लुगड्याला पुसले. आवाज पार खाली गेला होता. "मंग आजवर चोललं, त्याचं कं?"

"माहीत नाही. आजपासून नको."

त्या दिवसापासून आजी घराच्या दारात फळी टाकून बसली. पट्टीने जे झालं नाही ते आजीने केलं. पोरीजवळ कोणी आलं की लांबूनच शिव्या. नणंद कडेवर घ्यायला आली तर तिला म्हणे वल्हं उगारलं. आई सांगताना हसत होती आणि डोळे पुसत होती. बाईंनाही फार बरं वाटलं. "बघ," म्हणाल्या, "पहारा असा हवा."

ऑपरेशन झालं. मूत्रपिंडासकट गाठ काढली. इस्पितळातून घरी सोडतानाचं कार्ड घेऊन आई आमच्याकडे आली, कारण त्यातलं इंग्रजी तिला कोणीतरी समजावून हवं होतं. बाईंनी कार्ड वाचलं, परत वाचलं. एका जागी आवरण फाटलेलं होतं. थोडं बाहेर आलेलं होतं. म्हणजे औषधं जास्त, किरणांचा शेक द्यायचा, आणि पुढची सगळी वाट अवघड. बाई परळला जाऊन स्लाइड्स स्वतः बघून आल्या. त्या रेणूंच्या तपासण्या तेव्हा आमच्या आवाक्यात कुठल्या! पेशी नुसत्या दिसत होत्या, त्यांचे हात दिसत नव्हते. बाईंना आयुष्यभर हीच रुखरुख होती.

पुढच्याच आठवड्यात आजी एकटी आली. बाकावर बसली नाही, उभीच राहिली. "बाय, खरं सांग. माज्या हातानं फाटली काय गो?"

मी बाईंकडे बघत होते. म्हणा, नाही म्हणा. देवाशपथ, नाही म्हणा.

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. "गाठ आपणहूनही फाटते. तुमच्या हाताने फाटली, दुसऱ्या कुणाच्या, की कुणाच्याच नाही, हे जगात कोणी सांगू शकणार नाही."

"म्हंजे माज्या हातानं बी असंल."

"असेलही."

 आजीने दोन्ही हात पदराखाली घेतले आणि ती जिना उतरली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. नोकरी गेली तर गेली म्हणून मी बाईंवर तोंड सोडलं. "एक 'नाही' म्हटलं असतं तर काय गेलं असतं तुमचं? त्या म्हातारीला रात्री झोप तरी लागली असती!"

बाई चष्मा पुसत होत्या. "आणि उद्या दुसऱ्या कोणाचं पोर आलं असतं, तर तिनं त्याचंही पोट चोळलं असतं."

 "आणि तिचं काय मग?" एवढंच मी म्हटलं. बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि त्या मायक्रोस्कोपकडे वळल्या. 

जागृतीची औषधं सुरू झाली. मधून मधून रक्त तपासायला तिला आमच्याकडेच आणायचे. डोक्यावरचे केस गेले, रुमाल आला. सुई टोचली की मला "दुष्ट मावशी" म्हणायची आणि जाताना माझ्याच हातचं बिस्किट घ्यायची. एकदा रक्त काढताना आई सांगत होती, "सासूबाईंनी चोलनं सोडलं. कोनाचंच नाय. लोक पोरं घेऊन येतात, त्या आत जातात. पन ताई, हिला बी घेत नाय त्या. न्हाऊ घालायच्या, वेणी घालायच्या, आता शिवत बी नाय. हात पदराखाली घालून लांब बसतात."

आजीला जागृती 'आये' म्हणायची. ती रुमाल सारखा करत म्हणाली, "आये मना घेत नाय. मी घान झाले."

आतल्या खोलीत बाईंचं मायक्रोस्कोपशी चाललेलं बोलणं थांबलं. बाई बाहेर आल्या, पोरीकडे बघत राहिल्या आणि परत आत गेल्या. पुढचे कित्येक सोमवार त्यांनी मला काही वाचून दाखवलं नाही. झेरॉक्स पिशवीतच पडून राहायचे. मी खिचडीचा गोळा पुढे केला तर तोही परत आला.

जागृती वाचली, हे आधीच सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. पण औषधं संपली त्या आठवड्यात हे कोणालाच ठाऊक नव्हतं. शेवटचं रक्त द्यायला मायलेकी आल्या तेव्हा बाई आतून आल्या आणि आईला म्हणाल्या, "मला एक सांगा. ही गाठ पहिल्यांदा कुणाच्या हाताला लागली?"

आई विचारात पडली. "सासूबाईंच्याच की. चोलताना म्हनाल्या, ही नुसती बेंबी नाय, हे येगलंच काय तरी हाय, हिला डॉक्टरला दाव. मी म्हनत होते, पोट सुटलंय, जाईल. त्यांनी पाठच सोडली नाय माजी."

"आणि हे तुम्ही मला आज सांगताय!" बाई खेकसल्या. आईला काही कळेना. बाईंनी बुटांच्या नाड्या आवळल्या आणि मला म्हणाल्या, "लॅब बंद कर. चल."

मायलेकींबरोबर आम्ही दोघी निघालो. भर दुपारची वेळ. कोळीवाड्यात दांड्यांवर बोंबील वाळत होते, कोणी जाळी विणत होतं. आजी ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती, हात पदराखाली. आम्हाला बघून उठली नाही. बाई सरळ तिच्या शेजारी खाली बसल्या, मांडी घालून, बुटांसकट.

"आजी, मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. मला तेवढंच माहीत होतं. गाठ कुणाच्या हाताने फाटली ते मला आजही माहीत नाही, आणि कधी कळणारही नाही. पण गाठ कुणाच्या हाताला सापडली ते आज कळलं. तुमच्या. डॉक्टर जंत म्हणत होते. आई म्हणत होती, पोट सुटलंय. तुमचा हात रोज फिरला नसता तर ही पोर आमच्याकडे आलीच नसती. आली असती तर फार उशिरा आली असती. हे मात्र मला माहीत आहे."

आजी ऐकत होती.  मग म्हणाली, "परत येल काय गो ते?"

मी डोळे मिटून घेतले. मला ठाऊक होतं काय ऐकावं लागणार.

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. "तोवर तिला मांडीवर घ्यायला काय हरकत आहे?"

जागृती दाराला धरून उभी होती. आजीने तिच्याकडे बघितलं आणि ढसाढसा रडायला लागली. पोर आधी घाबरली, मग पळत येऊन तिच्या मांडीत घुसली. पदराखालून हात बाहेर आले, पण हवेतच राहिले. टेकवावेत कुठे हेच म्हातारीला कळेना. जागृतीनेच डोक्यावरचा रुमाल ओढून टाकला. नुकतं लव फुटलेलं ते डोकं तिने आजीच्या तळव्याखाली घुसवलं आणि म्हणाली, "आये, तेल लाव."

आम्ही निघालो. बाई झपझप पुढे चालत होत्या, मला गाठता गाठता दम लागला. स्टेशनच्या अलीकडे त्या एकदम थांबल्या. चष्मा काढलेला होता आणि डोळे लाल.

"अगं," म्हणाल्या, "खरं तेच सांगितलं ना मी? तिला बरं वाटावं म्हणून काही जास्त तर नाही ना बोलले?"

इतक्या वर्षांत बाईंनी मला पहिल्यांदाच काही विचारलं होतं, आणि उत्तरासाठी त्या माझ्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या.

"नाही हो बाई," मी म्हटलं. "जेवढं खरं होतं तेवढंच बोललात."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी चष्मा घातला, मान हलवली, आणि रस्ता ओलांडताना, आयुष्यात पहिल्यांदा, माझा हात धरला.